पेल्विक फ्लोअरच्या नावाखाली मला कसं गंडवलं: पुरुषांनो, पॅकेज घेण्याआधी वाचा

अंडकोश आणि गुदद्वार यांच्या मधल्या भागात दुखणं, थोडा वेळ खुर्चीत बसलं की खाली गोटी अडकल्यासारखं वाटणं, सारखी लघवीला होणं, वीर्यस्खलनानंतर तासन्‌तास ठणका. हे घरात सांगता येत नाही, मित्रांत सांगावं तर थट्टा होते. मला ज्यांनी गंडवलं त्यांचा धंदा याच लाजेवर चालतो, म्हणून सगळं उघड लिहितोय.

माझी लघवीची तपासणी, कल्चर, सोनोग्राफी, सगळं नॉर्मल होतं. तरी आधी अँटिबायोटिकचे कोर्स झालेच, ते बहुतेकांचे होतात. मग युरोलॉजिस्ट म्हणाले की याला क्रॉनिक प्रोस्टेटायटिस, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीची जुनाट सूज, म्हणतात खरं, पण तुमच्यात जंतूंचा काही संबंध दिसत नाही. प्रोस्टेटायटिसचे चार प्रकार मानतात. त्यातला तिसरा, म्हणजे जंतू सापडत नाहीत पण ओटीपोटाच्या तळाशी महिनोन्‌महिने दुखत राहतं, हाच सगळ्यात जास्त आढळतो. त्यात बऱ्याच जणांचे तिथले स्नायू, म्हणजेच पेल्विक फ्लोअर, सतत आखडलेले असतात. ‘पेल्विक फ्लोअरचं काम करणारा फिजिओथेरपिस्ट गाठा,’ असं त्यांनी सांगितलं. सल्ला अगदी बरोबर होता. मी शोधायला गेलो आणि ‘फक्त पुरुषांसाठी’ अशी जाहिरात करणारं एक सेंटर समोर आलं.

तिथे आधी भेटला तो समुपदेशक. टेबलावर कमरेच्या हाडांचं प्लॅस्टिकचं मॉडेल, भिंतीवर ‘100 टक्के गॅरंटी’. मी दुखण्याबद्दल बोलत होतो आणि तो फिरून फिरून ‘पॉवर’वर येत होता. निदान त्याने बसल्या बसल्याच केलं: स्नायू कमजोर झालेत, चुंबकीय खुर्चीवर बसा, मशीन हजारो आकुंचनं करून घेईल. वर म्हणाला, ‘सर, कपडेसुद्धा काढावे लागणार नाहीत.’ अख्खं पॅकेज या एका वाक्यावर विकलं जातं. ज्या तपासणीची माणसाला धास्ती असते तीच टाळून मिळते म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? पैसे सगळे आगाऊ, परतावा नाही.

खुर्ची खोटी नाही, हे आधी सांगतो. ती स्नायू आकुंचित करते आणि लघवी गळणाऱ्यांसाठी वापरली जाते. केगल व्यायामाचंही, म्हणजे हेच स्नायू आवळून सोडण्याच्या व्यायामाचंही, तसंच. अर्नोल्ड केगल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने 1948 मध्ये तो मांडला, बाळंतपणानंतर सैल पडलेल्या स्नायूंसाठी. पुरुषांमध्ये प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर लघवीवरचा ताबा सुटतो तेव्हाही तो शिकवतात. पण जो स्नायू आधीच घट्ट आवळलेला आहे त्याला आणखी आवळायला लावलं तर दुखणं वाढू शकतं. अशा माणसाला आधी सोडायला शिकवावं लागतं: पोटापर्यंत खोल श्वास, मांडी-कमरेचं स्ट्रेचिंग, आणि आतले दुखरे बिंदू बोटाने दाबून मोकळे करणं. तुमचा स्नायू सैल आहे की आखडलेला, हे तपासल्याशिवाय कळत नाही. मला तिथे एकदाही कुणी तपासलं नाही. पेसमेकर किंवा शरीरात धातू आहे का, हेही विचारलं नाही, आणि त्या खुर्चीआधी तो प्रश्न विचारायलाच हवा.

दुखणं वाढलं. तर उत्तर ठरलेलं: ‘स्नायू जागे होतायत.’ अजून वाढलं, तर ‘ॲडव्हान्स्ड लेव्हल’ घ्या. तिचे पैसे वेगळे, हे सांगायला नकोच.

उघडी फसवणूक मात्र कागदावर होती. या आजारासाठी नऊ प्रश्नांची एक प्रमाणित प्रश्नावली आहे, एकूण 43 गुणांची. गुण जितके जास्त तितका त्रास जास्त, आणि साधारण सहा गुणांची घट झाली तर सुधारणा खरी मानतात. रिसेप्शनवरची मुलगी ती टॅबलेटवर भरून घ्यायची. सरासरी वेदना 0 ते 10 मध्ये किती, याला मी सात म्हणालो. प्रिंट हातात आली तर त्यात तीन! विचारलं तर म्हणाली, ‘सिस्टिम ॲव्हरेज काढते, सर.’ कसली ॲव्हरेज? प्रश्न एक, उत्तर एक.

दुसरा कागद बायोफीडबॅकच्या, म्हणजे स्नायू किती आवळतो-सुटतो ते मशीनवर दाखवणाऱ्या, आलेखाचा. त्यावर शिखरं हिरव्या शाईने गोल केलेली, बाजूला ‘प्रगती’. पुढे मी एका खऱ्या पेल्विक फ्लोअर फिजिओथेरपिस्टकडे गेलो तेव्हा त्यांनी शिखरांकडे बघितलंही नाही. दोन शिखरांच्या मधल्या रेघेवर पेन ठेवून म्हणाले, ‘ही खाली यायला हवी. येतच नाहीये. तुम्ही आराम करताय तेव्हाही स्नायू काम करतोय.’ म्हणजे माझं दुखणं सेंटरने स्वतःच छापून मला दिलं होतं, आणि तेच प्रगती म्हणून दाखवलं होतं.

या फिजिओथेरपिस्टकडे आधी खूप वेळ नुसते प्रश्न झाले: बसायचं काम किती, शौचाला जोर लागतो का, जुनं ऑपरेशन, झोप, ताण. मग तपासणी कशी होईल ते सांगितलं, परवानगी घेतली, सोबत कुणी हवं तर थांबू शकतं आणि कुठल्याही क्षणी ‘थांबा’ म्हणता येईल हेही सांगितलं. हातमोजा, जेल, गुदद्वारातून एक बोट. डावीकडे एका जागी दाब पडला आणि लिंगाच्या टोकाशी नेमकी तीच ओळखीची कळ उठली. लाज वाटते, पण थोडा वेळच.

गॅरंटी त्यांनी दिली नाही. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत असे दुखरे बिंदू मोकळे करणाऱ्या उपचाराने 57 टक्के रुग्णांना फरक पडला, साध्या मसाजने 21 टक्क्यांना. म्हणजे नीट उपचार होऊनही बऱ्याच जणांना गुण येत नाही. तेव्हा 100 टक्के म्हणणाऱ्याकडून उठून यावं. पैसे भरण्याआधी विचारा की तपासणार कोण, त्यांची फिजिओथेरपीची पदवी आणि नोंदणी क्रमांक काय, आणि माझा स्नायू आखडलेला निघाला तर उपचार बदलणार का. माझ्या सेंटरकडे शेवटच्या प्रश्नाला उत्तरच नसतं, कारण त्यांच्याकडे खुर्ची एकच. आणि ताप, लघवीत रक्त किंवा लघवी तुंबणं असं काही असेल तर फिजिओ नंतर, आधी डॉक्टर.

प्रश्नावली स्वतःच्या हाताने भरा आणि तिथल्या तिथे फोटो काढा. परतावा मागितला तेव्हा ‘तुमचा स्कोअर तर सुधारलाय’ हेच त्यांनी लेखी कळवलं. मी तक्रारीला दोन्ही प्रिंट आणि नव्या फिजिओथेरपिस्टचा अहवाल जोडलाय. पैसे अजून आलेले नाहीत. उरलेली सेशन्स मित्राच्या नावावर करून देतो, असा त्यांचा फोन मात्र येऊन गेला.