भाऊचा धक्का ते रेवस : मुंबई सोडण्याआधीच्या लाँचफेऱ्या

येत्या महिनाअखेरीस मी लालबागची खोली सोडून आईसह अलिबाग तालुक्यातील एका वाडीत राहायला जात आहे. घर पाहणे, भाडे ठरवणे, फुटकी कौले बदलून घेणे अशा कामांसाठी गेल्या सात-आठ महिन्यांत भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँचने बऱ्याच फेऱ्या झाल्या. या सेवेविषयीचे माझे मत त्या फेऱ्यांतूनच बनले आहे.

धक्क्याला सर्वांत जवळचे स्थानक हार्बर मार्गावरील डॉकयार्ड रोड. पहाटे इथे मासळीचा लिलाव चालतो, त्यामुळे ओल्या फरशीवरून आणि टोपल्यांच्या गर्दीतून वाट काढावी लागते. एकोणिसाव्या शतकात लक्ष्मण हरिश्चंद्र तथा भाऊ अजिंक्य यांनी बांधलेल्या मूळ धक्क्याचे नाव या जागेने आजही जपले आहे. पनवेल, पेण, वडखळमार्गे रस्त्याने अलिबाग गाठायचे तर शंभर किलोमीटरच्या आसपास अंतर पडते. लाँच बंदर ओलांडून साधारण सव्वा ते दीड तासात रेवसला पोहोचवते. बाकांना गाद्या नाहीत, इंजिनाचा आवाज मोठा आहे आणि वाऱ्याच्या दिवशी कडेला बसलेल्यांच्या अंगावर पाणी उडते, तरीही मला हा प्रवास शहरातील कोणत्याही प्रवासापेक्षा अधिक प्रिय झाला आहे.

त्याचे कारण लाँचपेक्षा माझ्या रोजच्या जगण्यात आहे. आमच्या चाळीसमोर टॉवरचे काम सुरू झाल्यापासून धुळीमुळे खिडकी बंद ठेवावी लागते. शेजारची चार बिऱ्हाडे डोंबिवली-बदलापूरकडे गेली. संध्याकाळी घरी परतल्यावर कोणाशी दोन शब्द बोलावेत, तर कठड्याशी कोणी उभे नसते. ज्या शहरात जन्मलो ते आपल्याला नकोसे झाले आहे, हे स्वतःशी कबूल करायला मला फार दिवस लागले. धक्का मागे पडतो, डावीकडे बुचर बेटावरील तेलाच्या टाक्या आणि त्यांच्यामागे घारापुरीचे डोंगर दिसू लागतात, पुढे करंजाची टेकडी जवळ येते; तेवढ्या वेळात माझा निर्णय मी दर फेरीला नव्याने तपासून पाहिला आणि दर वेळी तो मला पटला. सोबतीला मासळी विकून परतणाऱ्या कोळणी असतात, लाँचवर चढवलेल्या मोटारसायकली धरून उभी असलेली कामगार मुले असतात आणि गावाकडचे घर उघडायला निघालेले माझ्यासारखे लोकही असतात. एकदा एका मावशींनी आईसाठी म्हणून वाकट्यांची जुडी हातात ठेवली आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला.

उणिवांचेही सांगितले पाहिजे. रेवसच्या खाडीत गाळ साचत असल्याने ओहोटीला लाँच धक्क्याला लागणे अवघड होते आणि वेळा पुढेमागे होतात. पाणी खाली गेल्यावर शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडतात, तिथे वृद्धांना आधार द्यावाच लागतो. म्हणून निघण्यापूर्वी त्या दिवसाच्या भरती-ओहोटीची चौकशी करावी. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असताना हट्टाने जाऊ नये. १७ जुलै १९४७ रोजी याच धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, हे इथून जाणाऱ्याने विसरू नये. स्वतःची गाडी न्यायची असेल, तर २०२० पासून सुरू असलेली मांडव्याची रो-रो बोट अर्थातच सोयीची आहे.

आमचे सामान टेम्पोने वडखळमार्गे जाईल. आई आणि मी मात्र सकाळी भरती असेल असा दिवस पाहून लाँचनेच जाणार आहोत.