नाव कौन्सिलचं, अटी मालकाच्या

करारनाम्याच्या माथ्यावर ‘कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या अटींनुसार’ असं छापलेलं असलं, तरी आतल्या अटी कौन्सिलच्या, म्हणजे देशातल्या आर्किटेक्टांची नोंदणी करणाऱ्या संस्थेच्या, असतीलच असं नाही. लहान ऑफिस चालवणाऱ्या आर्किटेक्टांनी हे ध्यानात घ्यावं म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. आमच्या दोघींच्या ऑफिसची बरीचशी फी याच युक्तीनं बुडाली. त्याच माणसानं तोच कागद पुढे करून आणखी एका ऑफिसला गंडवलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं.

काम लहानच होतं. खाली दोन गाळे आणि वर राहायला दोन मजले. मालक बांधकामाच्या धंद्यात मुरलेला. आम्ही आमचं नेमणुकीचं पत्र पाठवायच्या आधीच त्याची पीडीएफ आली आणि पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप: ‘मॅडम, कौन्सिलचाच फॉर्म आहे, काही बदललेलं नाही, फक्त नाव-पत्ता भरलाय.’ कलमांचे क्रमांक मुळातलेच, मथळे तेच, भाषाही तीच. हा मसुदा आमच्या व्यवसायात सगळ्यांना परिचयाचा. कौन्सिलच्या ‘कंडिशन्स ऑफ एंगेजमेंट अँड स्केल ऑफ चार्जेस’वर लहानमोठी कितीतरी कामं चालतात. ओळखीचं काही दिसलं की माणूस निर्धास्त होतो, आणि त्याचा सगळा डाव याच निर्धास्तपणावर उभा होता.

मूळ मसुद्यात आर्किटेक्टला मालकासमोर उभं राहता येईल अशा मोजक्या जागा आहेत. त्यानं नेमक्या त्याच जागा पोखरल्या होत्या.

पहिली जागा ड्रॉइंगच्या मालकीची. काम प्रत्यक्षात उभं राहो न राहो, ड्रॉइंग आणि त्यासोबतची कागदपत्रं आर्किटेक्टची मालमत्ता राहतात, असं मूळ मसुदा सांगतो. त्याच्या प्रतीत त्याच क्रमांकाखाली, तितक्याच लांबीच्या वाक्यात, ड्रॉइंग हाती पडताच सर्व हक्क मालकाकडे जातील असं लिहिलं होतं. दुसरी जागा पैशांची. टप्पे तसेच ठेवले होते, पण फीचा मोठा वाटा भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायला सरकारी परवानगी, मिळाल्यानंतर द्यायचा, असं केलं होतं. भोगवटा प्रमाणपत्र आर्किटेक्टच्या हातात नसतं. मालकानं मंजुरीबाहेरचं बांधकाम केलं तर ते कधीच मिळणार नाही, म्हणजे फीही नाही.

तिसरा बदल सगळ्यात घातक, कारण तिथे काही घातलेलंच नव्हतं, फक्त काढलेलं होतं. करार संपवल्यावर मालकाला दुसरा आर्किटेक्ट नेमता येतो, पण आधीच्याचे पैसे चुकते केल्यानंतर, असं मूळ कलम आहे. ‘पैसे चुकते केल्यानंतर’ एवढेच शब्द गायब होते. वाक्य व्याकरणानं पूर्ण, वाचताना कुठे अडखळायला होत नाही. घातलेला शब्द निदान डोळ्यांना खटकण्याची शक्यता असते. काढलेला शब्द दिसणार कसा? करार संपवण्याआधी द्यायच्या तीस दिवसांच्या नोटिशीचीही तीच गत झाली होती.

वाद झाला तर लवाद कोण नेमणार, तर मालक. हे कलम तसं टिकणारं नव्हतं. निकालात ज्याचा स्वार्थ आहे, त्याला एकट्याला लवाद नेमता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ साली सांगितलं आहे, आणि तेही पर्किन्स ईस्टमन या आर्किटेक्ट कंपनीच्याच प्रकरणात. पण न टिकणारं कलमसुद्धा लहान ऑफिसला घाबरवून गप्प बसवायला पुरतं.

पुढचं सारं या कलमांच्या क्रमानंच घडलं. आराखडा पसंत झाला, बदल झाले, मंजुरीचे नकाशे दाखल होऊन पास झाले. वर्किंग ड्रॉइंगचा, म्हणजे प्रत्यक्ष बांधकामासाठीच्या तपशीलवार नकाशांचा, संच निघाला तेव्हा मालकाचा लकडा सुरू झाला: आरसीसी कन्सल्टंटला (इमारतीच्या सांगाड्याचं डिझाइन करणाऱ्याला) पीडीएफ चालत नाही, कॅडची, म्हणजे ड्रॉइंगमध्ये बदल करता येतील अशी मूळ फाइलच हवी, साइट थांबली आहे. फाइल गेली आणि थोड्याच दिवसांत नेमणूक रद्द केल्याचं पत्र आलं. कारण दिलं नव्हतं, चालू टप्प्याच्या पैशांचा उल्लेखही नव्हता. काम एका लायसन्सधारक इंजिनिअरच्या सहीनं पुढे चालू झालं. साइटवर फिरणारं ड्रॉइंग आमचंच होतं. नावाची चौकट बदलली होती, पण फाइलमधल्या लेयरना माझ्या भागीदारानं दिलेली नावं तशीच होती. जिन्याचा तोच वळसा, गाळ्यांच्या मागची तीच उजेडाची पट्टी. दोघींनी जागून काढलेलं काम दुसऱ्याच्या सहीखाली उभं राहताना बघण्याचा त्रास पैशांच्या हिशेबात मावत नाही.

इथे कायद्याच्या दोन गोष्टी कळल्या आणि दोन्ही आमच्या विरुद्ध होत्या. कौन्सिलच्या १९८९च्या व्यावसायिक आचारनियमांप्रमाणे, आधीच्या आर्किटेक्टची नेमणूक संपल्याचा पुरावा मिळाल्याशिवाय आणि त्याला लेखी कळवल्याशिवाय दुसऱ्या आर्किटेक्टला काम स्वीकारता येत नाही. पण हे बंधन नोंदणीकृत आर्किटेक्टवर आहे, इंजिनिअरवर नाही. १९७२च्या वास्तुविशारद कायद्याचं कलम ३७ ‘आर्किटेक्ट’ या उपाधीला संरक्षण देतं, ते काम इतरांनी करण्याला बंदी घालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली स्पष्ट केलेलं आहे. म्हणून असे लोक दुसरा आर्किटेक्ट शोधतच नाहीत.

दुसरी गोष्ट तर प्रत्येक आर्किटेक्टला तोंडपाठ असायला हवी. वास्तुकलेच्या कृतीला १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं संरक्षण आहे खरं, पण त्याच कायद्याचं कलम ५९ सांगतं की बांधकाम एकदा सुरू झालं की ते थांबवण्याचा मनाई हुकूम मिळत नाही आणि पाडण्याचा आदेशही मिळत नाही. उरते ती भरपाई. म्हणजे ड्रॉइंग अडवायचं असेल तर ते खोदाईला हात लागण्यापूर्वीच. त्याला हे पक्कं ठाऊक असावं, नाहीतर रद्दचं पत्र आणि पायाची खोदाई इतकी लागोपाठ आली नसती.

वकिलांनी दोन्ही मसुदे कलमागणिक शेजारी शेजारी मांडले आणि त्या व्हॉट्सअ‍ॅप निरोपासह नोटीस पाठवली. करार कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, खोटं आहे हे माहीत असून दुसऱ्याला फसवण्याच्या हेतूनं ते खरं म्हणून सांगणं म्हणजे कपट. पण कलम १९ ला एक अपवादही आहे. दिशाभूल झाली किंवा कपटानं मौन पाळलं गेलं, तरी साधारण काळजी घेऊन खरं काय ते कळू शकत असेल, तर करार रद्द मागता येत नाही. मूळ मसुदा कुणालाही पाहता येतो, याच मुद्द्यावर त्याचा वकील अडून बसला. ‘काही बदललेलं नाही’ हे त्यानं स्वतःहून लिहून दिलं होतं म्हणून आमची बाजू तरली. मौन वेगळं आणि उघड खोटं वेगळं. तो निरोप नसता तर हातात काहीच नव्हतं. शेवटी तडजोड झाली. मंजुरीपर्यंतच्या टप्प्याचे पैसे आले, वर्किंग ड्रॉइंगचे आले नाहीत.

समोरून आलेला ‘स्टँडर्ड’ कागद नुसता वाचून भागत नाही, तो ताडून पाहावा लागतो. मूळ मसुदा स्वतः कौन्सिलच्या संकेतस्थळावरून घ्या, समोरच्याकडून वर्डची फाइल मागा आणि दोन फाइलींची तुलना करायची जी सोय वर्डमध्येच असते ती वापरा. काढलेले शब्द तिथे लाल होऊन समोर येतात. वर्डची फाइल द्यायला कुणी कां-कूं करत असेल, तर तेवढ्यानंही मी आता सावध होते. करारात आम्ही आता एक वाक्य घालतोच: ‘मूळ मसुद्यात केलेले सर्व बदल फक्त परिशिष्टात नोंदवले आहेत, अन्यत्र बदल आढळल्यास मूळ मजकूर लागू राहील.’ प्रामाणिक मालक याला हरकत घेत नाही. कुणी फारच घासाघीस करायला लागला, तर ते काम सोडलेलं परवडतं असं माझं स्पष्ट मत आहे.

अगदी लहान कामाला एवढा मोठा मसुदा नको वाटत असेल तर दोन पानांचं नेमणूकपत्र चालतं. पण कामाची व्याप्ती, किती वेळा बदल करून देणार, टप्प्यांचे पैसे, करार मोडल्यावर काय आणि ड्रॉइंग कुणी कुठे वापरायचं, एवढं त्यात हवंच. कॅड फाइल टप्प्याचे पैसे जमा झाल्यावरच द्यायची, आणि तीही मालकाला नाही तर थेट कन्सल्टंटला, आपल्या ईमेलवरून, कशासाठी देतो आहोत ते लिहून. मुद्रांकही सहीच्या वेळीच लावून घ्या. मुद्रांकाशिवायचा करार महाराष्ट्रात शुल्क आणि दंड भरेपर्यंत पुरावा म्हणून दाखल होत नाही.

ऑफिसची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारकडची नोंदणी, काम घेण्याआधीच करून ठेवा. २००६च्या सूक्ष्म व लघु उद्योगांच्या कायद्यानुसार करारात कितीही मुदत लिहिली तरी देणं पंचेचाळीस दिवसांपलीकडे नेता येत नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं आणि तक्रार थेट सुविधा परिषदेकडे, म्हणजे अशा थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सरकारी मंडळाकडे, नेता येते. आणि ज्यांचे पैसे आत्ता कुणाकडे अडकले आहेत, त्यांनी काम केल्याची तारीख आजच तपासावी. वसुलीचा दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आतच लावावा लागतो, आणि ‘पुढच्या महिन्यात बघू’ अशा तोंडी आश्वासनांनी ती मुदत वाढत नाही.