उंदरांसाठी विष की चाप?
नेरुळमधील आमच्या सोसायटीच्या समितीपुढे सध्या पेच आहे: डक्टमधल्या उंदरांसाठी ब्रोमॅडिओलोन या उंदीरनाशक विषाच्या वड्या ठेवाव्यात की स्प्रिंगचे चाप?

आधी वेदनेचा विचार व्हायला हवा, कारण उंदीर सस्तन प्राणी आहे आणि वेदना वाहून नेणारी त्याची मज्जासंस्था मूलतः आपल्यासारखीच आहे. ब्रोमॅडिओलोन शरीरातील के जीवनसत्त्वाचा पुनर्वापर रोखते. त्यामुळे रक्त गोठेनासे होते आणि उंदीर अंतर्गत रक्तस्रावाने काही दिवसांनी मरतो. याच विलंबामुळे बाकीचे उंदीर वडीबद्दल सावध होत नाहीत. तिची परिणामकारकता या लांबलेल्या यातनेवरच उभी आहे. मजबूत चाप नीट बसला, तर मृत्यू बहुधा क्षणात येतो.

शिवाय विष उंदराच्या यकृतात टिकून राहते आणि त्याला खाणाऱ्या गव्हाणी घुबडालाही बाधते, हे खाडीलगतच्या वस्तीत मला फार गंभीर वाटते. चापात मांजराचा पंजा अडकू शकतो, म्हणून तो पेटीत ठेवावा.

चाप पुन्हा वापरता येतो, पण रोज तपासावा लागतो. मेलेला उंदीर हातमोजे घालूनच उचलावा, कारण उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरा हा रोगजंतू पसरतो.

घरात एखाद-दुसरा उंदीर असेल, तर चापच योग्य. गटारातून सतत उपद्रव होणाऱ्या मोठ्या सोसायटीने आधी भोके बुजवावीत, ओला कचरा झाकावा, आणि तरीही गरज उरली तरच बंद पेटीतून, ठरावीक मुदतीपुरते विष वापरावे.