कामाच्या जातीचा कुत्रा घेण्यापूर्वीचा मार्गदर्शन वर्ग : एक परीक्षण

बॉर्डर कॉली, बेल्जियन मॅलिनॉइस, ऑस्ट्रेलियन कॅटल डॉग किंवा कामासाठी पैदास झालेला जर्मन शेफर्ड घरी आणण्याचा विचार करणाऱ्यांसाठी एका श्वानप्रशिक्षण केंद्राने चालवलेला मार्गदर्शन वर्ग आम्ही घरातल्या सगळ्यांनी मिळून नुकताच पूर्ण केला. पिल्लू घरी आल्यानंतरचे वर्ग अनेक केंद्रे घेतात. पिल्लू घ्यावे की घेऊ नये, हे अजून ठरायचे आहे अशा वेळी हाताशी येणारा वर्ग मात्र फारसा आढळत नाही, आणि माझ्या मते मार्गदर्शनाची सर्वांत जास्त गरज त्याच वेळी असते. म्हणून या वर्गाचे गुण आणि उणिवा दोन्ही सविस्तर नोंदवत आहे.

प्रवेशाची अटच मला आवडली. कुत्र्याची देखभाल ज्यांच्यावर पडणार आहे त्या घरातल्या प्रत्येकाने हजर राहायचे, आणि येण्यापूर्वी आपल्या नेहमीच्या आठवड्याचे तासवार वेळापत्रक लिहून आणायचे. पहिल्या सत्रात प्रशिक्षिकांनी ही वेळापत्रके एकेक करून समोर घेतली आणि प्रत्येक घराला साधे पण नेमके प्रश्न विचारले. पहाटे कुत्र्याला बाहेर कोण नेणार, ती व्यक्ती आजारी पडली तर कोण, मुलांच्या परीक्षा सुरू असताना कोण, दिवसभर मुसळधार पाऊस असेल तेव्हा घरात काय करणार, आणि हे सगळे बारा ते पंधरा वर्षे कसे निभावणार, कारण निरोगी बॉर्डर कॉलीचे सर्वसाधारण आयुष्य तेवढे असते. ज्या घरात हौस एकाची आणि वेळ दुसऱ्याचा, अशी विभागणी होती, तिथे ती या प्रश्नांमुळे सर्वांसमोर स्पष्ट झाली, आणि ते योग्यच झाले.

त्यानंतर या जाती अशा का आहेत, हे समजावून सांगण्यात आले. इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमाभागातील मेंढपाळांनी बॉर्डर कॉली घडवली ती रूपावरून नव्हे, कामावरून निवड करून. 1893 साली नॉर्थम्बरलँडमध्ये ॲडम टेल्फर यांच्याकडे जन्मलेला ओल्ड हेम्प हा कुत्रा न भुंकता, न चावता, केवळ रोखलेल्या नजरेने आणि दबक्या चालीने मेंढ्या हलवत असे, आणि आजच्या जवळपास सर्व बॉर्डर कॉलींच्या वंशावळी त्याच्यापर्यंत पोहोचतात. 1906 साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल शीप डॉग सोसायटीनेही कामातील गुणांनाच महत्त्व दिले. शिकारी प्राणी सावज हेरतो, त्याच्यावर नजर रोखतो, दबा धरतो, पाठलाग करतो आणि शेवटी पकडून मारतो. मेंढपाळांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून या साखळीतले सुरुवातीचे दुवे बळकट केले आणि शेवटचे दाबून टाकले. घरात मेंढ्या नसल्या तरी हे दुवे शिल्लक राहतातच, मग नजर धावणाऱ्या मुलांच्या पायांवर, सायकलच्या चाकावर किंवा रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारीवर रोखली जाते. गुरे हाकण्यासाठी तयार झालेला ऑस्ट्रेलियन कॅटल डॉग तर टाचेला हलका चावा घेऊनच हाकतो. मॅलिनॉइसची निवड पुढे झटकन उसळणे, घट्ट पकडणे आणि पकड न सोडणे यासाठी झाली, म्हणूनच पोलीस आणि लष्करी दलांना तो हवा असतो. घरच्यांना खोड वाटणारी गोष्ट त्या कुत्र्याचा मूळ कामधंदा असतो, हे एकदा नीट समजले की रागावून काही साधणार नाही, हेही समजते. एवढ्यासाठीसुद्धा हे सत्र प्रत्येक इच्छुकाने ऐकावे असे मला वाटते.

बुद्धिमत्तेच्या कौतुकाला या वर्गात योग्य जागा दाखवली गेली. जॉन पिली या निवृत्त मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी चेझर नावाच्या बॉर्डर कॉलीला 1,022 वस्तूंची नावे शिकवली आणि त्यावरील शोधनिबंध 2011 मध्ये प्रसिद्ध झाला, ही गोष्ट या जातीच्या चाहत्यांना ठाऊक असते. मात्र त्यासाठी तीन वर्षे, रोज चार ते पाच तास शिकवणी चालली होती, हा तपशील सांगताना सहसा गाळला जातो. प्रशिक्षिकांनी तो आवर्जून सांगितला. हुशार कुत्रा सांभाळायला सोपा असतो हा समज फार पसरलेला आहे, आणि माझ्या मते याच समजापायी सर्वांत जास्त कुत्रे चुकीच्या घरात जातात. जो कुत्रा आपण शिकवलेले दोन-चार वेळांत उचलतो, तो आपण न शिकवलेलेही तितक्याच वेगाने उचलतो: दाराची कडी कशी उघडते, कोणत्या आवाजाने माणूस उठून येतो, कोण किती वेळ भुंकल्यावर हार मानते.

या वर्गातले सर्वांत मोलाचे सत्र विश्रांतीवर होते. अशा कुत्र्याला रोज किती पळवावे, हा बहुतेकांचा पहिला प्रश्न होता. त्यावरचे उत्तर असे की रोज दोन तास पळवलेला कुत्रा काही आठवड्यांत दोन तास सहज पळण्याइतका तयार होतो, मग त्याला तेवढे पुरत नाही, आणि माणसाची ताकद संपली तरी कुत्र्याचा दम वाढतच राहतो. चेंडू फेकत राहणे हा तर दुहेरी तोटा, कारण त्यात सांध्यांवर ताण येतो आणि कुत्रा शांत होण्याऐवजी अधिकाधिक चेततो. त्यापेक्षा मोकळ्या जागी लांब दोरीवर निवांत हुंगत फिरणे, लपवलेली वस्तू वासाने शोधणे, दिवसातून थोडा थोडा वेळ काही नवे शिकणे आणि उरलेल्या वेळात गाढ झोपणे, ही मांडणी त्यांनी सुचवली. पिल्लांना दिवसाचे अठरा ते वीस तास झोप लागते. कामाच्या जातीची पिल्ले मात्र पुष्कळदा आपणहून थांबत नाहीत आणि अतिशय थकल्यावर चावरी होतात, म्हणून थांबणे हेही शिकवावेच लागते.

हे शिकवणे प्रत्यक्ष पाहायला मिळाले. प्रशिक्षिकांची तरुण बॉर्डर कॉली मादी चटईवर पडून होती. पुढच्या रांगेत बसलेल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी हात हलवला आणि त्यांच्या घड्याळाच्या काचेवरून उजेडाचा ठिपका समोरच्या भिंतीवर सरकला. त्याच क्षणी कुत्री उठून ताठ झाली, मान खाली गेली, पुढचा एक पाय उचललेला तसाच राहिला, आणि नावाने हाक मारली तरी तिचा कानसुद्धा हलेना. ‘काका, तेवढं घड्याळ खिशात ठेवता का?’ एवढेच प्रशिक्षिका म्हणाल्या. ठिपका नाहीसा झाल्यावरही कुत्री बराच वेळ त्या भिंतीवरची जागा पाहत राहिली, आणि ती पुन्हा चटईवर येऊन पडेपर्यंत त्यांनी पुढचा विषय सुरू केला नाही. ती आडवी झाल्यावर तिच्या पुढच्या पायांमध्ये हळूच खाऊ ठेवला गेला, तोही कौतुकाचा एक शब्द न उच्चारता, कारण आवाजानेच ती पुन्हा उठली असती. लेझरच्या टॉर्चने कुत्र्याला खेळवू नये, असे वाचून माहीत असते. हातात कधीच न येणाऱ्या उजेडामागे लागलेल्या काही कुत्र्यांना सावल्या आणि कवडसे पाहत बसण्याचा छंद जडतो आणि तो सुटणे अवघड असते. तो छंद कुठून सुरू होतो, हे त्या काही मिनिटांत आम्ही पाहिले.

शेवटच्या सत्रात प्रत्येकाला पूर्ण वाढीचा कुत्रा पट्ट्याने धरून चालवायला दिला. पंचवीस-तीस किलोचा मॅलिनॉइस एखाद्या आवाजाकडे अचानक झेपावतो तेव्हा खांद्याला काय होते, हे चित्रफिती पाहून कळत नाही. इथे मात्र गट जरा मोठा होता, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला कमी वेळ आला. कुत्र्यांनाही वरचेवर नवी माणसे हाताळताना ताण येत असावा असे मला जाणवले. गट लहान ठेवावा, ही माझी स्पष्ट सूचना आहे.

केंद्राच्या सचोटीबद्दल एक गोष्ट नोंदवायलाच हवी. आमच्यासोबत आलेल्या एका जोडप्याला पहिल्यापासून मॅलिनॉइसच हवा होता. दोघांची नोकरी दिवसभराची, घरात लहान मूल आणि येणारे-जाणारे भरपूर. प्रशिक्षिकांनी त्यांना आडवळण न घेता सांगितले की सध्याच्या दिनक्रमात हा कुत्रा घेऊ नये, आणि शांत स्वभावाचा, वयाने मोठा असा कुत्रा दत्तक घेण्याचा पर्याय बारकाव्यांसह समजावला. यात केंद्राचे पुढच्या वर्गांचे उत्पन्न बुडत होते. तरीही त्यांनी हे सांगितले, म्हणून त्यांच्या बाकीच्या सल्ल्यावरही माझा विश्वास बसला.

आरोग्याचा भाग मात्र तोकडा वाटला. पिल्लू निवडताना आईवडिलांच्या खुब्याच्या सांध्यांचे एक्स-रे पाहावेत, एवढे सांगून विषय आटोपला. बॉर्डर कॉलीच्या बाबतीत कॉली आय ॲनोमली हा डोळ्यांचा आनुवंशिक दोष आणि ट्रॅप्ड न्यूट्रोफिल सिंड्रोम हा रोगप्रतिकारशक्तीचा आजार, या दोन्हींसाठी डीएनए चाचणी उपलब्ध आहे. प्रजनन करणाऱ्याकडे त्या चाचण्यांचे कागद मागावेत, हे ठळकपणे सांगायला हवे होते. ऑस्ट्रेलियन शेफर्ड आणि कॉली या जातींमध्ये एमडीआर1 जनुकातील बदल वारंवार आढळतो आणि असा बदल असलेल्या कुत्र्याला आयव्हरमेक्टिनसारख्या जंतनाशक औषधाचा मोठा डोस घातक ठरू शकतो, याचाही उल्लेख झाला नाही. हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण वर्ष-दीड वर्षापर्यंत, पिल्लाला सायकलमागे पळवू नये किंवा उंच उड्या मारायला लावू नये, हे सांगितले, तेही घाईत.

उन्हाचा विषय तर याहून अधिक वेळ देण्यासारखा आहे. कुत्र्याच्या शरीरातली उष्णता मुख्यतः धापा टाकण्यातून बाहेर पडते आणि हवा दमट असली की तो मार्ग अपुरा पडतो. बहुतेक कुत्रे तापल्यावर आपणहून सावलीला जातात. कामाची ओढ पक्की असलेला कुत्रा मात्र समोर काम दिसत असेल तोवर थांबत नाही, त्यामुळे थांबवण्याची जबाबदारी पूर्णपणे माणसाची असते. जीभ रुंद आणि लांब बाहेर लोंबणे, वळताना तोल जाणे, हाकेला उशिरा प्रतिसाद देणे ही लक्षणे दिसताच काम बंद करून कुत्र्याला पाण्याने भिजवावे, वाऱ्यात न्यावे आणि पशुवैद्यांना कळवावे. काही बॉर्डर कॉलींमध्ये बेताच्या हवेतही काही मिनिटांच्या जोरदार पळापळीनंतर मागचे पाय लटपटण्याचा आणि गोंधळल्यासारखे होण्याचा विकार आढळतो, त्यामुळे पहिल्या वर्षी तरी पळताना कुत्र्याकडे बारकाईने पाहण्याची सवय ठेवावी.

सर्वांत मोठी उणीव वयात येण्याच्या काळाबद्दल आहे. तीन ते चौदा आठवड्यांच्या वयात पिल्लाला निरनिराळी माणसे, आवाज, जमिनी आणि प्राणी कसे दाखवावेत, यावर वर्गाने उत्तम मार्गदर्शन केले. पण सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतचा काळ, ज्यात शिकलेले सगळे विसरल्यासारखे वागणे, नव्या गोष्टींची अचानक भीती वाटणे आणि अनोळखी माणसांवर गुरगुरणे सुरू होऊ शकते, त्यावर फार थोडे बोलले गेले, आणि पुष्कळ घरांचा धीर सुटतो तो नेमका याच काळात. या काळासाठी एक वेगळे सत्र ठेवावे अशी लेखी विनंती आम्ही केली आहे आणि त्याचा विचार करू असे केंद्राने कळवले आहे. ते सुरू होईपर्यंत, हा वर्ग करून कुत्रा घेणाऱ्यांनी पिल्लू पाच महिन्यांचे होण्याच्या आतच एखाद्या अनुभवी प्रशिक्षकाशी पुढच्या वर्षभराच्या भेटी ठरवून ठेवाव्यात, आणि त्या भेटींना वर्गासारखेच घरातल्या सगळ्यांनी हजर राहावे.