आजोबांची रॅले पुन्हा रस्त्यावर आली, परभणीतल्या चाचांच्या दुकानामुळे

आजोबांच्या रॅले सायकलची (जुनी इंग्लिश कंपनी) फक्त फ्रेम उरली होती, तीबी गोठ्यात, गंज चढलेली. दोन दुकानांनी सरळ म्हणले भंगारात द्या. मग जुन्या सायकली नीट करणाऱ्या ह्या चाचांकडं गेलो. त्यांनी आधी फ्रेम उलटी केली, पॅडलच्या एक्सलपाशी पॉलिश पेपरनं घासलं, बोटानं वाजवून बघितली अन् म्हणले लोखंड जिवंत आहे बेटा. लगवाली, म्हणजे नळ्या जोडावर लोखंडी खोबणीत बसवून पितळ वितळवून झाळलेली फ्रेम, एखादा जोड सुटला तर परत झाळता येतो, आजकालच्या अल्युमिनियमला तसं जमत नाही.

चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क, दुसऱ्या जुन्या सायकलचा बसवला, रॉड ब्रेक (वायरीऐवजी सळईनं ओढले जाणारे) भंगारातून. चाकाचं काम मात्र बघत बसावं असं, 28 बाय दीड इंची रिम, पुढं 32 तारा अन् मागं 40, कारण वजन जास्त मागच्या चाकावर येतं, एकेक तार आवळून चाकाचा आऊट, म्हणजे डगमग, काढत होते, मी दोन तास हाललोच नाही. छर्रे सगळे नवे टाकले, ग्रीस भरपूर.

तक्रार एकच, आठ दिवस म्हणले अन् महिना लागला, सामान मिळेना. फोनबी उचलत नाहीत, जाऊनच विचारावं लागतं. रंगबी मी नकोच म्हणलो, आजोबांच्या हातानं घासलेली जागा हँडलजवळ तशीच ठेवली त्यांनी, न सांगता.

रोज रानात त्याच सायकलवर जायलोय.