नोडच्या डीबगरमध्येच बग: वळसा, घरगुती पॅच की मूळ दुरुस्ती?

सर्व्हरवर ‘नोड इन्स्पेक्ट’ चालवलं, म्हणजे नोडचा (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या Node.js चा) डीबगर, कोड थांबवून तपासायचं साधन. ४२ व्या ओळीवर ब्रेकपॉइंट (कोड जिथे थांबावा ती खूण) लावला आणि खूण ४१ वर दिसली. आपला कोड तीनदा वाचून झाल्यावर शंका येतेच, चोर डीबगरमध्ये तर नाही ना? (रिकाम्या ओळीवर लावलेला ब्रेकपॉइंट पुढच्या कोडवर सरकतो, तो बग नव्हे.)

पर्याय तोलण्याआधी बग कुठल्या थरात आहे ते बघा, कारण अर्धा निर्णय तिथेच होतो. ‘नोड इन्स्पेक्ट’ हा फक्त क्लायंट आहे, म्हणजे आपण आज्ञा देतो तो समोरचा भाग. तो तुमचा प्रोग्रॅम वेगळ्या प्रोसेसमध्ये सुरू करतो आणि वेबसॉकेट जोडणीवरून व्ही८ च्या (नोडमधल्या जावास्क्रिप्ट इंजिनच्या) इन्स्पेक्टरशी, म्हणजे डीबगिंगची माहिती पुरवणाऱ्या भागाशी, बोलतो. तोच प्रोग्रॅम ‘--inspect-brk’ फ्लॅगने सुरू करून क्रोमचे डेव्हटूल्स (ब्राउझरमधला डीबगर) जोडा. क्रोममध्ये सगळं ठीक दिसलं तर दोष बहुधा नोडच्या क्लायंटमध्ये. तिथेही तीच गडबड असेल, तर मामला खाली नोडच्या सी++ कोडमध्ये किंवा थेट व्ही८ मध्ये. एका ओळीचा फरक दिसला की माझा पहिला संशय क्लायंटवर जातो: प्रोटोकॉल (क्लायंट आणि इन्स्पेक्टरच्या संवादाचे नियम) ओळी ० पासून मोजतो, पडद्यावर त्या १ पासून दाखवायच्या असतात, आणि कुठेतरी ‘अधिक एक’ राहून जातं. (शोधताना ५८५८ पोर्ट सांगणारा लेख हाती लागला तर सोडून द्या. तो जुना प्रोटोकॉल २०१७ च्या नोड ८ मध्येच गेला.)

वळसा घालणं, म्हणजे बग तसाच ठेवून दुसरा डीबगर वापरणं, सगळ्यात स्वस्त. क्रोम किंवा व्हीएस कोड जोडा, काम पुढे न्या. सर्व्हर लांब असेल तर इन्स्पेक्टरचं ९२२९ पोर्ट एसएसएच बोगद्यातून (सर्व्हरशी सुरक्षित जोडणीतून) आपल्या मशीनवर आणा. घाईत इन्स्पेक्टर ०.०.०.० वर, म्हणजे सगळ्या नेटवर्कसाठी, उघडू नका. त्या पोर्टपर्यंत पोचणारा कुणीही तुमच्या प्रोसेसमध्ये हवा तो कोड चालवू शकतो. पण बोगद्यालाच परवानगी नसेल, फक्त टर्मिनल हाती असेल, तर हा मार्ग बंद.

घरगुती पॅच, म्हणजे नोडचा कोड घेऊन स्वतःपुरता दुरुस्त करून वापरणं, दिसायला सोपं आणि निभवायला महाग. सुरक्षा अपडेट आला की पुन्हा पॅच, पुन्हा बिल्ड (कोडपासून चालणारा नोड बनवणं), आणि व्ही८ सकट पूर्ण बिल्ड म्हणजे चहा पिऊन, गप्पा मारून परत यावं तरी चालूच. पॅच कुणी आणि का मारला हे दोन वर्षांनी टीममध्ये कुणालाच आठवत नाही. मी हा सल्ला कुणाला देणार नाही.

मूळ दुरुस्तीला, म्हणजे नोडच्याच प्रकल्पात दुरुस्ती पाठवायला, लोक उगाच बिचकतात. क्लायंटचा कोड साध्या जावास्क्रिप्टमध्ये आहे, ‘लिब/इंटर्नल/डीबगर’ या फोल्डरमध्ये. कॉन्फिगर करताना ‘नोड-बिल्टइन-मॉड्यूल्स-पाथ’ हा पर्याय दिला की अंतर्गत जावास्क्रिप्ट डिस्कवरून वाचली जाते. पहिलं बिल्ड झालं की प्रत्येक बदलाला पुन्हा कंपाइल करावं लागत नाही. खरा वेळ टेस्ट खाते. डीबगरच्या टेस्ट दुसरी प्रोसेस चालवून तिचं आउटपुट तपासतात, त्यामुळे वेळेच्या गणितावर त्या अधूनमधून विनाकारण पडतात. आधी बग पकडणारी, म्हणजे दुरुस्तीविना नापास होणारी टेस्ट लिहा. कमिटच्या (नोंदवलेल्या बदलाच्या) मथळ्याची सुरुवात ‘डीबगर:’ अशी करा.

मग थांबा. पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल स्वीकारण्याची विनंती, किमान ४८ तास खुली ठेवतात आणि दोन कोलॅबोरेटरांची (प्रकल्पात बदल मंजूर करणाऱ्यांची) मान्यता लागते. एकाचीच मिळाली तर ७ दिवस. एलटीएसमध्ये (दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्तीत) जाण्याआधी बदल साधारणपणे चालू आवृत्तीत किमान दोन आठवडे मुरावा लागतो. त्यामुळे मूळ दुरुस्ती निवडली तरी तोवर वळसा लागतोच.

दोष व्ही८ मध्ये निघाला तर हिशोब बदलतो. दुरुस्ती आधी व्ही८ प्रकल्पात पाठवायची, तिथला परवाना करार वेगळा, रिव्ह्यूची पद्धत वेगळी, आणि ती तिथे स्वीकारली गेल्यावर नोडमध्ये आणायची. सी++ मध्ये हात बसलेला नसेल, तर दहा ओळींत बग दाखवणारा प्रोग्रॅम जोडून रिपोर्ट लिहा आणि वळशावर काम चालवा. क्लायंटमधला बग असेल तर मात्र या शनिवारीच बसा.