हान्स वेर आणि लेन: दोन अरबी कोश काही महिने वापरल्यानंतर

अरबी कोशात शब्द थेट सापडत नाही, आधी त्याचा धातू ओळखावा लागतो. 'मख्फूक' म्हणजे फेटलेलं. पण ते 'म'मध्ये शोधून उपयोग नाही, ख-फ-क या तीन अक्षरांखाली जावं लागतं. सुरुवातीला वैताग येतो. हात बसला की मात्र एकेक धातू म्हणजे अख्खं गाव वाटतं.

हान्स वेर यांचा कोश मूळ जर्मन, १९५२चा. मी वापरतो ती मिल्टन कोवान यांनी संपादित केलेली इंग्रजी आवृत्ती. टाइप बारीक आहे आणि क्रियापदांची रूपं, म्हणजे एकाच धातूपासून ठरावीक साच्यांत होणारी क्रियापदं, नुसत्या रोमन आकड्यांनी दाखवलीत, त्यामुळे दहा रूपं पाठ नसतील तर अडायला होतं. वर्तमानपत्र वाचायला याच्याइतका कामाचा कोश माझ्या हाती आलेला नाही. ख-फ-क काढा: थरथरणं, काळीज धडधडणं, झेंडा फडफडणं, पेंगताना मान लवणं, अंडी फेटणं, सगळं नेमकं मिळतं. आणि चौथ्या रूपात 'अख्फक', म्हणजे अपयशी होणं. फडफडीतून अपयश कुठून आलं, हे वेर सांगत नाहीत.

ते एडवर्ड लेन आपल्या एकोणिसाव्या शतकातल्या अरबी-इंग्रजी कोशात सांगतात. स्वारीवर जाऊन लूट न मिळालेला, शिकारीहून रिकाम्या हाताने परतलेला, त्याच्यासाठी हे क्रियापद. तिथेच 'खैफक' भेटतो: वाऱ्यासारखी पळणारी घोडी, आणि मृगजळ लवलवणारं विस्तीर्ण वाळवंटही. 'अल-खाफिकान' म्हणजे पूर्व आणि पश्चिम. वेग आणि कंप एकाच धातूत कसे नांदतात, हे मला इथे कळलं. कुठला अर्थ कोणत्या जुन्या कोशातला, हेही लेन दर ठिकाणी नोंदवतात. त्यांचा मुख्य आधार 'ताज अल-अरूस' हा जुना अरबी कोश, तो रचणारे मुर्तझा अल-झबीदी आपल्याकडच्या, उत्तर प्रदेशातल्या बिलग्रामचे, हे वाचून फार आनंद झाला.

लेनचे आठ भाग १८६३ ते १८९३ या काळात निघाले. स्कॅन नेटवर फुकट आहेत. टॅबवर बरे दिसतात, फोनवर डोळे शिणतात. संक्षेपांची यादी आधी छापून जवळ ठेवाच.

पैसे घालायचे तर वेरवर घाला. कुराण किंवा जुनं काव्य वाचणाऱ्यांनी लेन उतरवून घ्यावा. १८७६ला लेन गेले तेव्हा काम अरबी वर्णमालेतल्या 'क़ाफ' (ق) या अक्षरापर्यंत आलं होतं. पुढचं त्यांच्या बहिणीचा नातू स्टॅन्ली लेन-पूल यांनी टिपणांवरून छापलं, म्हणून तिथे नोंदी विरळ होत जातात. त्या अक्षरांसाठी मी 'लिसान अल-अरब' हा जुना कोश उघडतो. तो पूर्ण अरबीत आहे, वेळ लागतो.